औषधाच्या चाहुलीने जागा होणारा जीन

सुरकुत्या भरण्यासाठीचे फिलर टोचल्यावर किंवा लायपोसक्शननंतर (चरबी शोषून काढल्यावर) जखम भरून येते आणि काही आठवड्यांनी त्याच जागी लालसर-जांभळट गाठी उठतात. त्या फुटून पातळ पू वाहतो आणि नेहमीच्या प्रतिजैविकांनी त्या बसत नाहीत. मग ‘आणखी जोरदार गोळी द्या’ असा आग्रह सुरू होतो. पुष्कळदा येथे मायकोबॅक्टेरियम ॲबसेसस हा क्षयाच्या जंतूचा भाऊबंद मुक्काम ठोकून असतो. तो नळाच्या पाण्यात सापडतो, क्लोरीनला सहज बधत नाही आणि त्या पाण्याने धुतलेल्या उपकरणांवरून त्वचेखाली पोचतो. त्याचे आवरण मेणचट असते आणि क्षयाची नेहमीची औषधेही त्याच्यावर चालत नाहीत.

त्याच्यावरचे एक मोलाचे औषध म्हणजे क्लॅरिथ्रोमायसिन. जंतूच्या रायबोसोममध्ये, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेत, 2058 क्रमांकाच्या ॲडेनिन या रासायनिक घटकापाशी ते बसते आणि तयार होणाऱ्या प्रथिनाची वाट अडवते. परंतु या जंतूकडे ‘ईआरएम-41’ नावाचा जीन आहे. औषध नसताना तो जवळजवळ गप्प असतो. औषध आत शिरले की त्याच्यापासून बनणारे विकर (एन्झाइम) नेमक्या त्याच ॲडेनिनला मिथाइल गट हा छोटा रासायनिक तुकडा चिकटवते आणि औषधाला बसायला जागाच उरत नाही. त्यामुळे प्रयोगशाळेत औषध घातलेल्या द्रावणात तिसऱ्या दिवशी वाढ दिसत नाही, अहवालात ‘संवेदनशील’ (म्हणजे औषध लागू पडेल) अशी नोंद होते आणि तेच द्रावण 14व्या दिवशी गढूळ झालेले असते. या जंतूच्या ज्या वाणांमध्ये या जीनच्या 28व्या स्थानी ‘टी’ऐवजी ‘सी’ हे डीएनएचे अक्षर आलेले असते, त्यांच्यात तो निकामी असतो. मॅसिलिएन्स या उपप्रजातीत तर त्याचा मोठा तुकडाच गळालेला असतो. तेथे, अन्य बदल झालेला नसेल तर, हेच औषध उत्तम चालते. एका अक्षराने रुग्णाचे उपचार बदलावेत, याचे मला आजही नवल वाटते.

उपचारात दोन-तीन औषधे एकत्र, बहुधा अमिकासिन आणि इमिपेनेम किंवा सेफॉक्सिटिन यांच्या जोडीने, कित्येक महिने द्यावी लागतात. अमिकासिन चालू असताना मूत्रपिंड आणि श्रवणशक्ती तपासत राहावे लागते. साचलेला पू काढणे आणि शक्य असेल तेथे आतील फिलर किंवा इम्प्लांट काढून टाकणे, हेही उपचारच आहेत. ‘रक्तशुद्धी’च्या नावाने विकले जाणारे लेप आणि काढे त्वचेखालच्या या गाठींपर्यंत पोचत नाहीत, त्यांत जाणारे आठवडे मात्र जंतूच्या पथ्यावर पडतात.

नेहमीच्या कल्चरच्या (जंतू वाढवून पाहण्याच्या) बशा बहुधा दोन-तीन दिवसांत टाकून दिल्या जातात आणि या जंतूला दिसू लागायला त्याहून अधिक दिवस लागू शकतात. म्हणून कापसाच्या बोळ्यापेक्षा पू किंवा ऊतीचा तुकडा पाठवावा, मागणीपत्रावर ‘मायकोबॅक्टेरियासाठी’ असे स्पष्ट लिहावे आणि क्लॅरिथ्रोमायसिनचा निकाल 14 दिवसांपर्यंत वाचून घ्यावा.