बायोरिॲक्टर (औद्योगिक सांडपाणी)

कारखान्याच्या सांडपाण्यातील फिनॉल, रंगद्रव्ये, क्लोरिनयुक्त संयुगे असे विषारी सेंद्रिय पदार्थ सूक्ष्मजीवांकरवी मोडून काढणारी टाकी. तिचे सर्वांत रुळलेले रूप म्हणजे सक्रिय गाळ पद्धत, म्हणजे सांडपाण्यात हवा सोडून त्यातला जिवाणूंचा गाळ जिवंत व कामात ठेवणे. ती १९१४ मध्ये मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडली.

फिनॉलचे उदाहरण बोलके आहे. जिवाणू त्याचे आधी कॅटेकॉल नावाचे संयुग करतात, मग त्यातले कार्बनचे वलय तोडतात आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड व पाणी उरते. पण फिनॉल फार झाले की तेच जिवाणू मरगळतात. म्हणून टाकीत सांडपाणी बेताबेताने सोडून जिवाणूंना फिनॉलची सवय लावावी लागते. ही सवय आठवड्यांत लागते आणि एका दिवसाच्या बेफिकिरीत मोडते.

कापड रंगवण्याच्या पाण्यात फसगत सोपी आहे. ऑक्सिजनविरहित टाकीत ॲझो रंगांचे (नायट्रोजनच्या दुहेरी बंधाने रंग देणाऱ्या कृत्रिम रंगांचे) बंध तुटतात, पाणी नितळ दिसते. मात्र त्यातून तयार होणारी ॲरोमॅटिक अमाइन्स मूळ रंगाहूनही घातक असू शकतात. त्यापुढे हवेची टाकी हवीच. नुसता रंग गेलेला पाहून पाणी सोडणे हा गुन्हाच मानायला हवा.

खान्देशात हा प्रश्न अधिक टोकाचा आहे. उन्हाळ्यात गिरणा आणि पांझरेची पात्रे बहुतेक कोरडी असतात. नाल्याने आलेले विष पातळ करायला नदीत पाणीच नसते, ते डोहात साचते, जमिनीत मुरते. शिवाय २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ४० अंशांना जेमतेम साडेसहा. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात जिवाणूंसाठी टाकीत हवा फुंकणाऱ्या ब्लोअरवर किती ताण येत असेल, हे यावरून कळावे. याउलट ३० ते ३७ अंशांत रमणाऱ्या ऑक्सिजनविरहित जिवाणूंना इथले हवामान वर्षातील बराच काळ मानवते. मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या डिस्टिलरीच्या दाट सांडपाण्याला आधी ऑक्सिजनविरहित टाकीच लावतात आणि निघालेला बायोगॅस बॉयलरला जातो. मेलॅनॉइडिन हे तपकिरी रंगद्रव्य मात्र पुष्कळसे तसेच राहते.

टाकीची तब्येत ऑपरेटर एका लिटरच्या मोजपात्रात पाहतो. हवा सोडलेल्या (वायुवीजन) टाकीतले पाणी त्यात भरून अर्धा तास न हलवता ठेवायचे. तपकिरी गाळ दोनशे-तीनशे मिलिलिटरवर बसला आणि वर स्वच्छ पाणी राहिले, तर जिवाणू सहसा ठीक आहेत. वरचे पाणी गढूळच राहिले, तर आदल्या पाळीत कारखान्यातून काय सोडले होते, याची चौकशी लगेच करावी. देशात नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यासाठी फिनॉलची सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आणि बीओडीची (पाण्यातील सेंद्रिय घाण मोडताना जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनची) ३० मिलिग्रॅम आहे.