स्पर्धकांची बैठक : माहितीच्या देवाणघेवाणीची पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खाणींतले वाफेचे पंप किती कोळशात किती पाणी उपसतात, याचे आकडे १८११ पासून दरमहा छापले जाऊ लागले. प्रत्येक खाणीचे आकडे शेजारच्या खाणीचा इंजिनिअर वाचत असे. तीसेक वर्षांत पंपांची सरासरी कार्यक्षमता तिपटीहून अधिक वाढली.

यावर कोणी हरकत घेतली नाही. वाद पेटला तो अमेरिकेत, भावांवरून. तिथल्या ३६५ लाकूड गिरण्या आपली विक्री, भाव आणि साठा एकमेकींना कळवत. १९२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी हे बेकायदा संगनमत ठरवले. चारच वर्षांनी लाकडी फरशीच्या फळ्या बनवणाऱ्यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने तशाच देवाणघेवाणीला मोकळीक दिली, तीही सहा विरुद्ध तीननेच! न्यायालय फिरले, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. दुसऱ्या प्रकरणात आकडे सरासरीचे होते, आधीच पार पडलेल्या व्यवहारांचे होते, कोणत्या ग्राहकाला माल गेला हे त्यातून कळत नव्हते. पहिल्यात मात्र आकड्यांसोबत उत्पादन आवरा, असा सल्लाही फिरत होता. माझ्या मते गिरण्यांना तो सल्लाच भोवला. आकडे नुसते निमित्त.

तंत्रज्ञांचे गट या वादापासून बरेचसे लांब राहिले. १९५५ मध्ये लॉस एंजेलिस भागातल्या विमान कंपन्यांचे प्रोग्रामर एकत्र आले आणि एकाच बनावटीच्या संगणकासाठी लिहिलेले प्रोग्राम एकमेकांना देऊ लागले. छोट्या पोलाद कारखान्यांचे इंजिनिअर स्पर्धकांच्या अडचणी बिनकरार सोडवतात, आज ना उद्या परतफेड होईल या भरवशावर, हे १९८७ च्या एका अभ्यासात दिसले. त्याआधी, १९८४ मध्ये, स्पर्धकांच्या संयुक्त संशोधनावरचा खटल्यांचा धाक अमेरिकेत कायद्याने कमी केला होता.

भावांच्या बाबतीत कोणत्या देवाणघेवाणीवर सहसा कारवाई होणार नाही, याचे एक सोपे माप अमेरिकी सरकारने १९९० च्या दशकात आरोग्यसेवेसाठी ठरवले : आकडे किमान तीन महिने जुने, निदान पाच संस्थांचे, कोणा एकीचा वाटा २५ टक्क्यांहून जास्त नको, आणि गोळा करणारा तिऱ्हाईत. इतर धंद्यांतले वकीलही हेच माप लावत. जुन्या, एकत्र केलेल्या आकड्यांवरूनही अल्गोरिदम आजचा भाव ताडू शकतो, या कारणाने २०२३ मध्ये ते मागे घेतले गेले. स्पर्धकांमधल्या सहकार्याची २००० सालची मार्गदर्शक तत्त्वेही डिसेंबर २०२४ मध्ये रद्द झाली, तीही जागी नवे काही न ठेवता.