हेगचा खटला की प्रत्यार्पणाची फाइल?

एलएलबीचं शेवटचं वर्ष सुरू झालं की वडोदऱ्यातल्या ओळखीच्या घरांतून एलएलएमच्या चौकश्या येऊ लागतात. कुणी दांडिया बाजारातलं, कुणी रावपुऱ्यातलं, मुलं बहुतेक सयाजीराव विद्यापीठाची. अलीकडे त्यांच्या तोंडी एक नाव सारखं ऐकू येतं: 'इंटरनॅशनल क्रिमिनल लॉ अँड जस्टिस'. हेच का घ्यायचंय, असं विचारलं की उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं. "काका, नीरव मोदीसारखी माणसं पळून जातात ना, त्यांना परत आणायचं काम करायचंय." इच्छा चांगलीच आहे. फक्त ते काम एका शाखेचं आणि फॉर्म भरला जातोय दुसऱ्या शाखेचा.

एक आहे आंतरराष्ट्रीय फौजदारी कायदा. दुसरा सीमापार गुन्ह्यांचा कायदा. माहितीपत्रकांत याला 'ट्रान्सनॅशनल क्रिमिनल लॉ' म्हणतात. दोन्हीकडे परदेश आहे, आरोपी आहे, वॉरंट आहे, त्यामुळे गल्लत होणं साहजिक आहे. त्यात काही विद्यापीठं दोन्ही विषय एकाच पदवीत कोंबतात आणि वर 'जस्टिस' हा भारदस्त शब्द लावतात.

सीमापार गुन्हा कसा दिसतो हे गुजरातमध्ये राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. सप्टेंबर २०२१मध्ये मुंद्रा बंदरात टाल्कच्या नावाखाली आलेल्या कंटेनरांत जवळपास तीन हजार किलो हेरॉइन सापडलं. माल अफगाणिस्तानचा, जहाजावर चढला इराणच्या बंदर अब्बासला आणि उतरला कच्छात. तीन देश गुंतले, पण खटला आपल्याच एनडीपीएस कायद्याखाली, आपल्याच न्यायालयात. मग आंतरराष्ट्रीय करारांचं काम काय? अमली पदार्थांचा १९८८चा व्हिएन्ना करार, संघटित गुन्हेगारीविरुद्धचा २०००चा पालेर्मो करार, भ्रष्टाचाराविरुद्धचा २००३चा करार, हे सगळे सदस्य देशांना मुख्यतः दोन गोष्टी सांगतात: तुमच्या कायद्यात हा गुन्हा लिहा, आणि दुसऱ्याने मागितलं तर आरोपी, कागदपत्रं, पैसा मिळवून द्यायला मदत करा. गुन्हा ठरवणारा आणि शिक्षा देणारा शेवटी देशच.

आता त्याच अमली पदार्थांची दुसरी बाजू बघा. फिलिपिन्सचे माजी राष्ट्राध्यक्ष रॉड्रिगो दुतेर्ते यांना मार्च २०२५मध्ये मनिलात अटक झाली आणि थेट नेदरलँड्समधल्या हेगला, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात नेलं गेलं. आरोप अमली पदार्थ विकल्याचा नव्हे. अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेत झालेल्या हत्यांचा, म्हणजे मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याचा. हे आंतरराष्ट्रीय फौजदारी कायद्याचं घर. हे न्यायालय ज्यातून उभं राहिलं त्या १९९८च्या रोम कराराच्या कलम ५मध्ये चारच गुन्हे आहेत: वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमण. माझ्या देशाच्या कायद्यात हे बसत होतं, हा बचाव दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्युरेंबर्गच्या खटल्यापासूनच बाद झाला आहे. मी राष्ट्रप्रमुख होतो, हाही चालत नाही. कलम २७ तेच सांगतं.

थोडक्यात, एका शाखेत देश एकमेकांचे मदतनीस असतात. दुसरीत बहुतेक वेळा देशाची यंत्रणाच, किंवा निदान तिच्यासारखी संघटित ताकद, संशयाच्या जागी असते. अभ्यासाचा सगळा पोत इथून बदलतो.

पुरावा घ्या. आपल्याकडे खून सिद्ध करायचा तर कुणी मारलं, कसं मारलं, हेतू काय, एवढ्यावर न्याय संहितेचं कलम लागतं. १९९४च्या रवांडातल्या हत्याकांडाबद्दल तबा या गावचा प्रमुख ज्याँ-पॉल अकायेसू याच्यावर चाललेल्या खटल्यात तेवढ्यावर भागलं नाही. मृत्यू झाले याबद्दल वाद नव्हता. प्रश्न होता, तुत्सी समाज हा समाज म्हणून नष्ट करायचा विशिष्ट हेतू होता का? हेतू कुणी कागदावर लिहून ठेवत नाही. मग सभेतली भाषणं, मारलेल्यांची निवड, देशभर त्याच सुमारास तसंच चाललेलं असणं, अशा गोष्टींवरून तो काढावा लागतो. सप्टेंबर १९९८मध्ये तो दोषी ठरला. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने वंशसंहारासाठी दिलेली ही पहिली शिक्षा, आणि बलात्कार हेही वंशसंहाराचं कृत्य असू शकतं हे याच निकालाने ठरवलं. त्या पीठावर नवी पिल्लै होत्या, दक्षिण आफ्रिकेतल्या तमिळ घरातल्या. या विषयाची गोडी आहे की नाही हे पाहायचं असेल तर माहितीपत्रकापेक्षा हा निकाल वाचा. पन्नास पानांत कंटाळा आला तर फी वाचली.

सीमापार शाखेतली फाइल अगदी वेगळी दिसते. तिच्यात मानवजातीच्या सदसद्विवेकाविषयी एक ओळ नसते. असतात ते तक्ते. प्रत्यार्पण मागताना आपलं कलम एका रकान्यात, त्या देशाचं दुसऱ्या रकान्यात, कारण तोच व्यवहार दोन्हीकडे गुन्हा असावा लागतो. तहव्वूर राणाचं प्रकरण याचा उत्तम नमुना आहे. २०११मध्ये शिकागोच्या ज्यूरीने त्याला लष्कर-ए-तैयबाला मदत केल्याबद्दल दोषी धरलं, पण मुंबई हल्ल्याच्या आरोपातून सोडलं. भारताने मागणी केल्यावर त्याच्या वकिलांचा मुद्दा साधा होता: एकाच गोष्टीसाठी दोनदा खटला नको. अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने १९९७च्या करारातला शब्द न् शब्द तपासला आणि म्हटलं की घटना एक असली तरी दोन्हीकडच्या गुन्ह्यांचे घटक वेगळे आहेत. एप्रिल २०२५मध्ये तो दिल्लीत उतरला. टीव्हीवर विमान दिसलं. त्यामागे कित्येक वर्षं कलमांची ही जुळवाजुळव चालली होती.

किंवा अबू सालेम. २००५मध्ये पोर्तुगालने त्याला दिला तो भारताच्या लेखी हमीवर: फाशी नाही आणि पंचवीस वर्षांहून जास्त कैद नाही. पुढे टाडा न्यायालयाने जन्मठेप दिली, तरी २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला त्या हमीची आठवण करून दिलीच. अशी हमी लिहून देणं, तिची व्याप्ती ठरवणं, ती पाळली जाते की नाही पाहणं, हे ज्याला रंजक वाटतं त्याने हेगच्या मागे लागू नये.

इंटरपोलबद्दल एकच वाक्य, कारण गैरसमज फार आहे: रेड नोटीस म्हणजे जागतिक अटक वॉरंट नव्हे, ती देशोदेशीच्या पोलिसांना केलेली विनंती असते, आणि आपल्याकडून ती सीबीआयमार्फत जाते.

आणखी एक फरक वडोदऱ्याच्या वाचकाला लगेच पटेल. इथल्या स्टर्लिंग बायोटेकच्या प्रवर्तकांना २०२०मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने फरार आर्थिक गुन्हेगार घोषित केलं होतं. २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५,१०० कोटी भरल्यास त्यांच्यावरच्या कारवाया थांबवायला मान्यता दिली. हे योग्य की अयोग्य यावर वाद घालता येईल, मला स्वतःला ते फारसं रुचलेलं नाही, पण आर्थिक गुन्ह्यात पैसा परत मिळवणं हेही न्यायाचं एक उद्दिष्ट मानलं जातं. वंशसंहारात तडजोड नाही, रक्कम भरून सुटका नाही, मुदतबाह्य होणंही नाही. रोम करारात मुदतीचा कायदा स्पष्टपणे वगळलेला आहे.

आता हेगमधलाच एक घोळ. तिथे दोन न्यायालयं आहेत. कुलभूषण जाधव यांचा खटला गेला तो आंतरराष्ट्रीय न्यायालयात. ते देशांमधले तंटे सोडवतं, माणसांना शिक्षा देत नाही. जुलै २०१९चा निकाल पाकिस्तानने वकिलातीशी संपर्काचा हक्क डावलला यावर होता, जाधव दोषी की निर्दोष यावर नव्हे. माणसांवर खटले चालवणारं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय निराळं, ते २००२पासूनचं. रोहिंग्यांचं प्रकरण दोन्हीकडे आहे. पहिल्या न्यायालयात गांबियाने म्यानमार या देशावर वंशसंहार कराराच्या भंगाचा दावा लावला, दुसऱ्यात जबाबदार व्यक्तींचा तपास चालू आहे. म्यानमार सदस्य नसताना तपास कसा? तर माणसं हाकलली गेली ती बांगलादेशात, आणि बांगलादेश सदस्य आहे. गुन्ह्याचा एक भाग तिथे घडला. परीक्षेत अशा प्रश्नांवर पानंच्या पानं लिहावी लागतात.

भारत मात्र या फौजदारी न्यायालयाचा सदस्य नाही. १९९८मध्ये रोममध्ये १२० देशांनी बाजूने, ७ देशांनी विरोधात मत दिलं. तटस्थ राहिलेल्या २१ देशांत आपण होतो. सुरक्षा परिषदेला दिलेले अधिकार, अण्वस्त्रांचा वापर निषिद्ध यादीत न येणं, दहशतवादाला न मिळालेली जागा, हे आपले आक्षेप. यातला पहिला मला आजही बिनतोड वाटतो: जी बडी राष्ट्रं स्वतः सदस्य झालेली नाहीत, त्यांनी दुसऱ्यांची प्रकरणं न्यायालयाकडे पाठवायची, हे कसं?

सत्ताधीशाला कोर्टापुढे कोण उभा करतो, हा प्रश्न बडोद्याला नवा नाहीच. १८७४मध्ये इंग्रज सरकारचे प्रतिनिधी (रेसिडेंट) कर्नल फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचा आरोप बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाडांवर आला आणि १८७५मध्ये सहा जणांचा आयोग बसला. तीन इंग्रज, आणि ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराजा रामसिंह, सर दिनकरराव राजवाडे. इंग्रज दोषी म्हणाले, आपल्या तिघांनी ते मानलं नाही. मतं तीन-तीन अशी फुटली, तरीही मल्हाररावांना गादीवरून उतरवलं ते गैरकारभाराचं कारण देऊन. एलएलएमच्या वर्गात 'विजेत्यांचा न्याय' यावर चर्चा होते, तेव्हा दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर खटला चालवणाऱ्या टोकियो न्यायाधिकरणातले भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पाल यांच्या भिन्नमताचा दाखला सगळेच देतात. बडोद्याच्या विद्यार्थ्याने आपल्या निबंधात मल्हाररावांचा आयोग आणला तर निदान परीक्षक जागा होईल.

भारत सदस्य नसण्याचा नोकरीशीही संबंध आहे. फौजदारी न्यायालयाचा न्यायाधीश सदस्य देशाचाच नागरिक असावा लागतो, म्हणजे आज भारतीयाला ती खुर्ची बंद. शेजारच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात तसं नाही. नागेंद्र सिंग तिथे अध्यक्ष होते, दलवीर भंडारी २०१२पासून तिथे आहेत. देशातही या कायद्याला जागा थोडी. वंशसंहार करार आपण १९५९मध्ये मान्य केला, पण तो गुन्हा देशी कायद्यात आणलाच नाही. डिसेंबर २०१८मध्ये १९८४च्या शीखविरोधी हत्याकांडाबद्दल सज्जन कुमार यांना शिक्षा देताना दिल्ली उच्च न्यायालयाने हीच उणीव बोलून दाखवली. म्हणजे हे शिकून बडोद्याच्या सेशन्स कोर्टात त्याचा थेट उपयोग होईल, अशी आशा धरू नये. उपयोग होतो तो संयुक्त राष्ट्रांच्या तपास यंत्रणांत (सीरियासाठीची २०१६ची, म्यानमारसाठीची २०१८ची), मानवी हक्क संघटनांत, संशोधनात, किंवा जर्मनीसारख्या देशांत, जिथे सीरियातल्या छळछावणीच्या अधिकाऱ्याला कोब्लेंझच्या न्यायालयाने २०२२मध्ये जन्मठेप दिली. फ्रेंच येत असेल तर चांगलं. हेगमध्ये इंग्रजीबरोबर तीच कामकाजाची भाषा आहे.

सीमापार शाखेचं काम मात्र इथेच आहे आणि वाढतंय: ईडीची प्रकरणं, बँकांचे अनुपालन विभाग, क्रिप्टो आणि सायबर फसवणूक, परदेशातून पुरावा मागवणारी पत्रं. ईडीच्या बाजूने उभं राहा किंवा आरोपीच्या, पीएमएलए (मनी लाँडरिंगविरोधी कायदा) आणि १९६२चा प्रत्यार्पण कायदा पाठ हवा. त्यासाठी परदेशी जायलाच हवं असंही नाही. गांधीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात क्लॅट-पीजी या प्रवेश परीक्षेतून एका वर्षाचं एलएलएम होतं, खर्च परदेशाच्या तुलनेत किरकोळ. परदेशच हवं असेल तर तुरिनला संयुक्त राष्ट्रांच्या गुन्हे-संशोधन संस्थेचा सीमापार गुन्ह्यांवरचा एलएलएम आहे. हेगच्या वाटेने जाणाऱ्याने लायडन, ॲम्स्टरडॅम, आयर्लंडमधलं गॉलवे पाहावं.

नावावर जाऊ नका, विषयांची यादी उघडा. 'कमांड रिस्पॉन्सिबिलिटी' (हाताखालच्यांच्या गुन्ह्यांची वरिष्ठावर येणारी जबाबदारी), 'वंशसंहार', 'सशस्त्र संघर्षाचा कायदा' हे अनिवार्य विषयांत दिसले तर ती पहिली शाखा. 'म्युच्युअल लीगल असिस्टन्स' (देशांनी एकमेकांना करायची कायदेशीर मदत), 'मालमत्ता जप्ती', 'मनी लाँडरिंग' दिसलं तर दुसरी. दोन्ही ऐच्छिक विषयांत विखुरलेले असतील तर शिकवणाऱ्यांची नावं शोधून त्यांनी काय लिहिलंय ते बघा, कारण प्रबंध त्यांच्याच हाताखाली करायचा असतो.

मग एसओपी, म्हणजे हाच अभ्यासक्रम का हवा हे सांगणारं अर्जासोबतचं निवेदन. गेल्या वर्षी एका मुलीने मला दाखवलेल्या मसुद्यात पहिला परिच्छेद पीएनबी घोटाळ्याचा होता आणि अर्ज होता युद्धगुन्ह्यांच्या अभ्यासक्रमाला. "ताई," मी तिला म्हटलं, "एकतर परिच्छेद बदल, नाहीतर विद्यापीठ." दोन दिवसांनी फोन आला: "काका, विद्यापीठ बदललं." सध्या ती एका बँकेच्या वसुली खटल्यांत ज्युनिअर आहे, सनद काढून झाली आहे, आणि फॉर्म पुढच्या सत्राला भरणार आहे.