फ्लेमिंगो खारफुटीत राहत नाहीत हो! खारफुटी वेगळी, मडफ्लॅट वेगळा

ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंचा फोटो आला की खाली कॅप्शन ठरलेलं, 'खारफुटीतले पाहुणे'. पण फोटो नीट बघा, झाडीच्या आत एकतरी फ्लेमिंगो दिसतोय का? सगळे पुढच्या उघड्या चिखलात म्हणजे मडफ्लॅटवर असतात, आणि शेजारी शेजारी असल्या तरी ह्या दोन वेगवेगळ्या पाणथळ जागा आहेत.

फरक मुख्यतः उंचीचा. मडफ्लॅट खालच्या लेव्हलला, भरतीला पूर्ण बुडतो, ओहोटीला उघडा पडतो, आणि इतका वेळ पाण्याखाली असतो की तिवराचं (खारफुटीतलं एक झाड) रोप तिथे टिकतच नाही. काठाला गाळ साचून जमीन जरा वर आली की मग तिवर, चिप्पी अशी खारफुटीची झाडं मूळ धरतात. चिखलात ऑक्सिजन जवळपास नसतोच, म्हणून तिवराची श्वासमुळं पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली दिसतात.

कामंही वेगळी. खारफुटी लाटांचा जोर मोडते, माती धरते, कार्बन साठवते, मासे-कोळंबीची पिल्लं तिच्या मुळांत वाढतात, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. मडफ्लॅट मात्र रिकामा वाटतो, पण वरच्या थरात सूक्ष्म शैवाल, आत किडे नि शिंपले, बिळांत निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे). छोटा फ्लेमिंगो ते शैवाल चोचीने गाळून खातो, मोठा फ्लेमिंगो बारीक जीवही खातो, आणि दोघांनाही उडायच्या आधी धावायला मोकळी जागा लागते, ती दाट झाडीत कुठून मिळणार.

खारफुटी कशी संपवतात ते माहितीच आहे, डेब्रिस म्हणजे बांधकामाचा राडारोडा टाकायचा, बांध घालून भरतीचं पाणी तोडायचं, झाडं वाळली की 'इथे काही नव्हतंच'. मडफ्लॅटचं दुखणं वेगळं. भराव आणि बांधकामांमुळे प्रवाह मंदावतो, गाळ बसतो, चिखल उंचावतो आणि त्यावर खुद्द खारफुटीच पुढे सरकते! सॅटेलाइट इमेजवर हिरवा रंग वाढला म्हणून आपण खूश, तिकडे फ्लेमिंगोंची जेवायची जागा कमी झालेली. म्हणूनच उघड्या चिखलात खारफुटी लावायचे ड्राइव्ह मला अजिबात पटत नाहीत, रोपं बऱ्याचदा मरतात आणि जगली तर चिखल गेला.

कागदावर दोन्ही सीआरझेड-१अ मध्ये, म्हणजे किनारपट्टीच्या नियमांतल्या सगळ्यात कडक संरक्षणाच्या वर्गात येतात. पण खारफुटी तोडायला बंदी घालणारा मुंबई हायकोर्टाचा 2018 चा निकाल, तिच्याभोवती मोकळा ठेवायचा 50 मीटरचा बफर, ही सगळी चर्चा खारफुटीची, चिखलासाठी कोण ओरडणार? खाडीतल्या 2015 च्या फ्लेमिंगो अभयारण्याच्या 1,690 हेक्टरपैकीही 896 हेक्टर, म्हणजे निम्म्याहून जास्त, खारफुटीच आहे.

बरं, भरतीला चिखल बुडाला की हे पक्षी विसाव्याला नवी मुंबईतल्या नेरुळकडच्या तलावांवर जातात, म्हणजे खाडी राखून ते तलाव सोडून दिले तरी उपयोग नाही. 2024 ला त्यातल्याच डीपीएस तलावात भरतीचं पाणी यायचं बंद होऊन तो कोरडा पडला होता, आणि त्याच सीझनला त्या भागात फ्लेमिंगो मेले.