ग्रामण्य (पुणे)

धर्माच्या किंवा जातीच्या आचारावरून एखाद्यावर शास्त्री-पंडितांपुढे आणलेला आरोप, त्याची चौकशी आणि अखेरीस प्रायश्चित्त किंवा बहिष्कार, या सर्व व्यवहारास ग्रामण्य म्हणत. शब्दाचा संबंध संस्कृत ‘ग्रामणी’ (गावाचा वा पथकाचा पुढारी) याच्याशी जोडला जातो. पुढारीपणाचा अर्थ तंट्याकडे कसा वळला याविषयी मात्र एकवाक्यता नाही. ‘ग्राम’ म्हणजे समूह हा जुना अर्थ धरल्यास समूहाने एकाविरुद्ध उभे राहण्याची छटा उलगडते, आणि हेच स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक वाटते.

पेशवाईत अशा निर्णयांमागे राजसत्ता उभी असे. शास्त्र्याचा अधिकार सत्ताधीशापर्यंतही पोहोचे. १७७३ मधील नारायणरावाच्या खुनानंतर राघोबादादांना दोषी धरणारे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. १८१८ नंतर हे पाठबळ गेले आणि धर्मपीठाच्या हाती बहिष्कार तेवढा उरला.

त्याचा राजकारणी मंडळींवर झालेला सर्वांत गाजलेला प्रयोग म्हणजे पुण्यातील पंचहौद या ख्रिस्ती मिशनचे चहा-ग्रामण्य. ऑक्टोबर १८९० मध्ये मिशनमधील एका समारंभास न्या. रानडे, टिळक, गोखले आदी मंडळी गेली असता तेथे चहा-बिस्किटे देण्यात आली. चरित्रग्रंथांत ४ आणि १४ ऑक्टोबर अशा दोन्ही तारखा आढळतात; त्यामुळे महिना व वर्षच प्रमाण धरणे इष्ट. काहींनी चहा घेतला, तर काहींनी यजमानांचा मान राखण्यापुरता पेला हाती घेतला. परंतु गोपाळराव जोशी (डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती) यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापविल्यावर हा भेद उरला नाही. सनातनी पक्षाने शंकराचार्यांकडे फिर्याद नेली व १८९२ मध्ये चौकशी झाली. टिळकांनी धर्मपीठाचा अधिकार न नाकारता शास्त्राच्याच आधारे बाजू मांडली आणि काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. तरीही त्यांच्या घरच्या कार्यांना भटजी मिळेनात, असे चरित्रकार नोंदवितात. रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले, तेव्हा सुधारकांनी त्यांना दुर्बळ ठरविले. हा दोष एकांगी आहे. श्राद्धाला ब्राह्मण नाही, पंगतीत पान नाही, सणाला लेक माहेरी येऊ शकत नाही, अशी बहिष्काराची झळ ज्या स्नेह्यांच्या घरी पोहोचली होती त्यांच्यासाठी रानड्यांनी तो कमीपणा पत्करला, ही रमाबाई रानडे यांच्या आठवणींतील बाजू अधिक विश्वसनीय वाटते. स्वयंपाकघरापर्यंत गेलेल्या या जाचाविषयी स्त्रियांनी स्वतः लिहिलेले थोडेच उपलब्ध आहे.

या वादांत लेखणी तीक्ष्ण होती, तरी परस्परांविषयीचा आदर तुटला नाही. १८९५ च्या पुणे काँग्रेसच्या मंडपात समाजसुधारणेसाठीची सामाजिक परिषद भरविण्यास टिळकपक्षाने विरोध केला, तेव्हा रानड्यांनी हट्ट न धरता ती अन्यत्र भरविली. जानेवारी १९०१ मध्ये रानडे वारले. थंड गोळा होऊन पडलेल्या महाराष्ट्रात चैतन्य आणण्याचे श्रेय टिळकांनी ‘केसरी’तून त्यांना दिले. गोखल्यांशी टिळकांचे मतभेद अखेरपर्यंत मिटले नव्हते. तथापि १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले निवर्तल्याचे कळताच टिळक सिंहगडाहून पुण्यास आले आणि स्मशानात बोलताना त्यांनी गोखल्यांना भारताचा हिरा म्हटले.