दोराने झाडावर चढताना: पहिल्या चढाईआधी वाचायचं माहितीपत्रक

झाडावर चढणं आपल्याकडे कुणाला नवीन नाही. आंबे उतरवायला, चिंचा पाडायला माणसं चढतातच. गोव्यातला पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, तर दिवसभर माडांवरच असतो. पण त्या चढाईत सगळा भार हातापायांवर असतो. आमच्याकडून तुम्ही घेतलेला संच वेगळ्या पद्धतीसाठी आहे. इथे दोर एका भक्कम फांदीवरून जातो आणि तुम्ही सतत त्या दोराला टांगलेले असता. हात निसटला, पाय घसरला तरी तुम्ही होता तिथेच राहता. फांद्या छाटणाऱ्या व्यावसायिकांची ही पद्धत हौशी लोकांना शिकवायला पीटर जेन्किन्स यांनी १९८३ साली अमेरिकेत अटलांटा इथे सुरुवात केली. पुढे दिलेली मांडणी त्याच परंपरेतली आहे. वाचून ती समजेल, पण पहिल्या काही चढाया जाणत्या प्रशिक्षकासोबतच करा.

संचात काय आहे

१२ ते १३ मिमी जाडीचा, ४५ मीटर लांबीचा, कमी ताणला जाणारा दोर. वजन साधारण ५ किलो. हा दोर फांदीवरून दुहेरी जातो, त्यामुळे ४५ मीटरमध्ये जास्तीत जास्त २० मीटर उंचीची फांदी बसते. सह्याद्रीत प्रस्तरारोहण करणारे ग्राहक आपला जुना डायनॅमिक रोप चालेल का, असं हमखास विचारतात. चालणार नाही. तो पडणाऱ्याचा झटका शोषण्यासाठी ताणला जातो. इथे तुम्ही चढायला लागलात की आधी दोरच लांबतो आणि तुम्ही जागच्या जागी वरखाली होत राहता. हार्नेसचंही (कमरेला आणि मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांचंही) तसंच. कड्यावर वापरायच्या हार्नेसचे पट्टे अरुंद असतात, तासभर लोंबकळलं की मांड्या बधिर होतात. झाडासाठी बसायला रुंद, गादीदार पट्ट्यांचा हार्नेस हवा.

याशिवाय आपोआप बंद होणारे, तीन हालचालींनी उघडणारे कॅराबिनर (झडप असलेल्या धातूच्या कड्या), ब्लेक गाठीसाठी (दोरावर सरकणारी, पण भार आल्यावर धरणारी गाठ; पुढे दिली आहे) मुख्य दोराइतक्याच जाडीचा छोटा दोर, पाय ठेवायला ८ मिमी दोरीचा फास, दोर फांदीवर घासू नये म्हणून नळीसारखं आवरण, फेकायची बारीक दोरी, ३५० ग्रॅमच्या आसपास वजनाची पिशवी आणि हेल्मेट. मोटारसायकलचं हेल्मेट घालू नका. त्यात मान वर करून बघता येत नाही आणि खालच्या माणसाची हाक ऐकू येत नाही.

झाड निवडताना

आमच्या मते निम्मी सुरक्षितता इथेच ठरते, म्हणून घाई करू नका. पहिल्या चढाईला जुनी, निरोगी चिंच उत्तम. लाकूड चिवट, फांद्या पसरट. आंबाही चांगला, पण बुंध्याशी भुशासारखा चोथा पडलेला दिसला तर आत भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, आहे असं समजा. फांदीवर बांडगूळ असेल तर त्याच्या पुढचा भाग बरेचदा वाळत गेलेला असतो. वड मोहात पाडतो खरा, पण त्याचा चीक दोराला लागतो आणि गाठ अडखळत सरकू लागते. वडावर जाल तेव्हा दोर पारंबीवर कधीही टाकू नका. गुलमोहर, शेवगा, जांभूळ आणि निलगिरी यांच्या फांद्या अचानक मोडतात, ती झाडं सोडून द्या. पांगारा आणि काटेसावर काट्यांमुळे बाद.

झाडाभोवती एक पूर्ण फेरी मारा. बुंध्याशी अळिंबी उगवली आहे का, माती एका बाजूने उचलली गेली आहे का, रस्त्याच्या किंवा गटाराच्या कामात मुळं तोडली आहेत का, हे बघा. मग वर नजर टाका: वाळकी फांदी, अडकून राहिलेली तुटकी फांदी, ढोली, घरटी. घरट्यात पक्षी असतील तर त्या हंगामात ते झाड त्यांचं. झाडाजवळून विजेची तार जात असेल तर दुसरं झाड शोधा. ‘जपून चढू’ हा विचार इथे चालत नाही.

आग्या मोहोळासाठी शेजारची झाडंही तपासा. जमिनीवरचा माणूस पळू शकतो, दोरावर टांगलेला नाही. पोळं दिसलं की त्या परिसरात चढायचंच नाही. कोकणात पानं शिवून केलेली हुमल्यांची घरटीही बघून घ्या. त्यांच्या चाव्याने जीव जात नाही, पण अंगभर मुंग्या चढल्यावर हात नेमके गाठीवरून सुटतात आणि नको तिथे जातात. जागेच्या मालकाची परवानगी आधी घ्या. सार्वजनिक बागेत आणि वनजमिनीवर ती संबंधित कार्यालयाकडून लागते.

दोर वर कसा जातो

फांदी जिवंत, निदान १५ सेंमी जाड हवी आणि दोर तिच्या खोडाजवळच्या भागावर बसला पाहिजे. सुरुवातीला ५ ते ६ मीटर उंचीची फांदी पुरे. फेकायची दोरी बादलीत मोकळी सोडा, म्हणजे गुंता होत नाही. वजनाची पिशवी दोन्ही पायांमधून झुलवून खालच्या हाताने वर सोडा. पिशवी फांदीपलीकडे खाली आली की तिच्या जागी दोर बांधून ओढून घ्या. पिशवी अडकली तर जोरात हिसका देऊ नका. ती सुटून थेट तोंडावर येते. बाजूला उभं राहून हळूहळू ताण द्या.

आवरण दोरावर ओवूनच वर पाठवा. त्याने फांदीची साल वाचते, आणि दोराचीही झीज कमी होते. मग दोराचे दोन्ही पदर एकत्र धरून दोघांनी त्यावर वजन टाका, थोडं झुला. करकर आवाज आला, फांदी वाकून राहिली किंवा वरून काही पडलं तर जागा बदला.

एकेरी दोर वर नेऊन बुंध्याला बांधायची पद्धत तुम्ही पाहिली असेल. त्यात फांदीवर तुमच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट भार येतो, कारण बुंध्याकडचा पदरही तेवढाच ताणलेला असतो. दुहेरी पद्धतीत दोन्ही पदर तुमच्याच हार्नेसला असतात, म्हणून फांदीवर साधारण तुमचंच वजन येतं. नवख्यांना आम्ही दुहेरीच देतो.

ब्लेक गाठ

जेसन ब्लेक यांनी १९९४ मध्ये झाडांवर काम करणाऱ्यांपुढे ही गाठ मांडली आणि त्यांच्याच नावाने ती रूढ झाली. दोराचं एक टोक फिगर ऑफ एट (इंग्रजी 8 च्या आकाराच्या) गाठीने आणि कॅराबिनरने हार्नेसला जोडा. दुसऱ्या, लोंबणाऱ्या पदरावर ब्लेक गाठ येते.

छोट्या दोराचं एक टोक कॅराबिनरने हार्नेसला लावा. दुसऱ्या टोकाने लोंबणाऱ्या पदराभोवती खालून वर चार वेढे घ्या. पहिले दोन वेढे अंगठ्यावरून, म्हणजे त्यांच्या आत जागा राहते. पुढचे दोन अंगठ्याच्या वर. आता टोक खाली आणा, हार्नेसकडे येणाऱ्या भागाच्या पुढून न्या, मुख्य दोराच्या मागून वळवा आणि अंगठा काढून त्या जागेतून वर ओवा. टोक दुसऱ्या आणि तिसऱ्या वेढ्यांच्या मधून बाहेर आलं पाहिजे. शेवटी त्या टोकाला फिगर ऑफ एट मारून ठेवा, म्हणजे ते आत ओढलं जात नाही. हार्नेसकडच्या भागाच्या पुढून जायचं राहिलं तर गाठ दिसायला जवळपास तशीच दिसते, पण भार आल्यावर घसरते. म्हणून दुसऱ्या माणसाने बोट लावून वेढे मोजायचे, दर वेळी. मग जमिनीपासून एक फूटभर उंचीवर पाच मिनिटं नुसतं बसा.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: ही गाठ हात सोडल्यावर धरते. घाबरलेला माणूस स्वाभाविकपणे गाठच मुठीत पकडतो आणि खाली खेचतो, आणि तेवढ्यानेच ती मोकळी होऊन तो आणखी वेगाने खाली येतो. घाबरलात की गाठीवरचा हात काढा. हे शरीराला पटेपर्यंत एक मीटरच्या वर जाऊ नका. वीसपंचवीस वेळा थोडं उतरा, हात काढा, थांबा.

चढणं आणि उतरणं

पायाचा फास प्रुसिक गाठीने (हीही हाताने सरकते आणि भार आल्यावर धरते) त्याच पदरावर, ब्लेक गाठीच्या खाली बसवा. फासात उभे राहा, ढिली झालेली ब्लेक गाठ वर सरकवा, हार्नेसमध्ये बसा, फास वर घ्या. एका खेपेला २५ ते ३० सेंमी चढाई होते. १ मीटर वर जायला २ मीटर दोर ओढला जातो, त्यामुळे आपण हळू चढतोय असं वाटेल. ते बरोबर आहे. साधारण दर ३ मीटरला ब्लेक गाठीखाली दोराचा एक फेरा घेऊन गाठ मारा. ब्लेक गाठ सरकलीच तर तिथे अडेल. दोराच्या अगदी शेवटच्या टोकालाही गाठ हवी.

फांदीवर पाय मिळाला की लोक दोर ढिला सोडतात. तसं करू नका. हा दोर फारसा ताणला जात नाही. अर्धा मीटर ढील असताना पाय सुटला तर तो झटका कमरेला आणि फांदीला बसतो. ज्या फांदीवर दोर आहे तिच्या वर कधीही चढायचं नाही, हेही त्याचसाठी.

उतरताना गाठीच्या वरच्या बाजूला हात ठेवून हलका दाब द्या, चालण्याच्या वेगापेक्षाही हळू. भराभर उतरलं की घर्षणाने गाठीतले धागे वितळून चकचकीत, कडक होतात. असा छोटा दोर पुन्हा वापरू नका.

खाली कायम एक माणूस हवा, हेल्मेट घालून आणि फांदीच्या थेट खाली न उभा राहता. तुम्हाला खाली आणण्याची पद्धत त्याला येत असली पाहिजे, कारण हार्नेसमध्ये निश्चल लोंबकळणं काही मिनिटांतच धोक्याचं होऊ शकतं. थांबलात तरी पाय हलवत राहा. पावसात, ओल्या सालीवर, जोराच्या वाऱ्यात चढू नका. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळवाचे ढग दिसले की लगेच खाली या.

परत आल्यावर

दोर काढताना कॅराबिनरकडच्या टोकाला छोटी गाठ मारून दुसरा पदर ओढा. ती गाठ वर जाऊन आवरणाला ढकलते आणि दोन्ही सोबत खाली येतात. ‘दोर आला’ असं ओरडल्यावरच ओढा. घरी दोर हातांतून पूर्ण फिरवून मऊ पडलेली, फुगलेली किंवा कडक जागा शोधा. चीक लागला असेल तर कोमट पाणी आणि सौम्य साबण; पेट्रोल किंवा रॉकेल लावू नका. सावलीत वाळवा. गाडीच्या डिकीत बॅटरीशेजारी ठेवू नका, ॲसिडची वाफही दोर आतून खाते आणि बाहेरून काही दिसत नाही. शंका आलेला दोर आमच्याकडे घेऊन या, तपासणी विनामूल्य आहे.