यादी की फोटो? ई-बर्ड आणि आयनॅचरलिस्ट यांत घोळ घालू नका

रविवारी सकाळी पक्षी-किडे बघून पुण्याच्या वेताळ टेकडीवरून उतरलं की व्हॉट्सॲप ग्रुपवर हमखास कुणीतरी विचारतं, "नोंद ई-बर्डवर टाकू की आयनॅचरलिस्टवर?" निसर्गातल्या नोंदी ठेवणारी ही दोन्ही ॲप फुकट, दोन्हींत नकाशा, दोन्हींचा डेटा संशोधकांच्या हाती जातो. त्यामुळे लोकांना ती एकाच माळेचे मणी वाटतात. पण ई-बर्डवर जातो तो अख्ख्या फेरीचा हिशेब, आयनॅचरलिस्टवर एकेका जिवाचा पुरावा.

कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी-प्रयोगशाळा २००२ पासून चालवत असलेलं ई-बर्ड फक्त पक्ष्यांसाठी आहे. फोटोची सक्ती नाही. किती वाजता निघालात, किती मिनिटं, किती किलोमीटर चाललात, कोणता पक्षी किती, हे मात्र लिहायचं. शेवटी एक प्रश्न येतो: ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का? गाडी घसरते ती इथेच. शिक्रा दिसला म्हणून तेवढाच लिहायचा, कावळे-पारवे 'त्यांचं काय कौतुक' म्हणून सोडायचे आणि वर 'हो' दाबायचं. त्या 'हो'चा अर्थ असा होतो की तासभर टेकडीवर हिंडून या माणसाला एकही कावळा दिसला नाही! अर्धीच यादी केली असेल तर खुशाल 'नाही' म्हणा, नोंद वाया जात नाही.

पूर्ण यादीचं मोल न दिसलेल्या पक्ष्यांत आहे. शंभर पूर्ण याद्यांपैकी चाळीसांत चिमणी असेल, तर पुढच्या वर्षी ते प्रमाण ताडून बघता येतं. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल अशाच नोंदींवर उभा आहे: सुमारे ३० हजार निरीक्षक, ३ कोटी नोंदी, ९४२ जाती. त्याआधीच्या २०२० च्या अहवालात देशभरात चिमणी साधारण टिकून असल्याचं, पण मुंबईसारख्या महानगरांत घटल्याचं दिसलं. फोटोंच्या ढिगातून हे कळलं नसतं. चिमणीचा फोटो काढतो कोण?

आयनॅचरलिस्ट २००८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून सुरू झालं. तिथे कोळी, शेवाळ, बुरशी, रस्त्यावर चिरडलेली घोणस, नुसता पायाचा ठसा, काहीही चालतं. नाव माहीत नसलं तरी हरकत नाही, ओळख पटवायला इतर बसलेले असतात. दोन-तृतीयांशांहून जास्त जणांचं जातीवर एकमत झालं की नोंद 'रिसर्च ग्रेड', म्हणजे संशोधनाच्या दर्जाची, होते. तुम्ही किती वेळ शोधत होतात, हे मात्र ते विचारत नाही. म्हणून एखाद्या गावात नोंदी कमी दिसल्या तर तिथे जीव कमी की कॅमेरे कमी, हे सांगता येत नाही.

माझ्या कढीपत्त्यावर एक अळी होती. काळपट-तपकिरी, मधे पांढरा पट्टा, ओलसर चकाकी. पक्ष्याची शीटच वाटावी. फोटो टाकला तर गाडी जातीपर्यंत न जाता वरच्या पायरीवर, प्रजातीवरच (जीनस) अडली. चार दिवसांनी ती कात टाकून हिरवीगार झाली आणि मग 'कॉमन मॉरमॉन' असं फुलपाखराचं नाव लागलं. हिरव्या रूपाची नोंद वेगळी करावी लागली, कारण तिथे एक नोंद म्हणजे एक जीव, एक वेळ. उत्साहाच्या भरात कढीपत्त्याचीही नोंद टाकली. कुंडीतलं झाड म्हणून ती सरळ 'कॅज्युअल'मध्ये, म्हणजे 'रिसर्च ग्रेड' न होणाऱ्या नोंदींत गेली.